हृदयाची वीज आणि न्यू रिव्हरचे पाणी

(१)
रुग्णालयात खाटेशेजारच्या स्टँडवर लटकणाऱ्या बाटलीवर पुष्कळदा 'आरएल' ही अक्षरे असतात. परिचारिका, वॉर्डबॉय, रुग्णाचे नातेवाईक, सारेच ती सहज उच्चारतात. त्यांपैकी 'आर' हे एका माणसाच्या नावाचे आद्याक्षर आहे: सिडनी रिंगर, एकोणिसाव्या शतकातील लंडनचे एक वैद्य. त्या बाटलीत जे किंचित कॅल्शिअम असते, त्याच्यामागे प्रयोगशाळेतील एक चूक आहे. हृदयाच्या पेशीत वीज येते कोठून, या प्रश्नाच्या उत्तराला त्या चुकीपासून वळण लागले. या धाग्यात त्या उत्तराचा इतिहास.

(२)
मूळ प्रश्न फार जुना आहे. प्राण्याच्या शरीरातून बाहेर काढलेले हृदय काही काळ धडधडत राहते, हे प्राचीनांनाही ठाऊक होते. बेडकाचे हृदय तर योग्य द्रवात ठेवल्यास तासन्‌तास चालते. मग त्याला आज्ञा देतो कोण? एकोणिसाव्या शतकात यावर दोन पक्ष होते. एक म्हणे, हृदयातील मज्जागुच्छ ठेका धरतात. दुसरा म्हणे, ठेका खुद्द स्नायूचाच आहे. केंब्रिजच्या वॉल्टर गॅस्केल यांनी १८८०च्या दशकात कासवाच्या हृदयावर प्रयोग केले आणि पारडे दुसऱ्या पक्षाकडे झुकवले. पण स्नायू स्वतःच ठेका धरतो तो कसा, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

(३)
ठोक्याबरोबर वीज निर्माण होते, एवढे मात्र तोवर सिद्ध झाले होते. १७९१ साली बोलोन्याच्या लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवरील प्रयोगांतून 'प्राणिज विजे'चा सिद्धांत मांडला. १८५६ साली कोलिकर आणि म्युलर या जर्मनीतील दोन संशोधकांनी एक साधी युक्ती केली. बेडकाच्या पायाचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसह सोडवून घेतला आणि तो तंतू धडधडणाऱ्या दुसऱ्या हृदयावर ठेवला. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला तो सुटा स्नायू आखडू लागला. मोजण्याचे नाजूक यंत्र हाताशी नसताना बेडकाच्या पायालाच त्यांनी यंत्र बनवले होते.

(४)
आता १८८२. रिंगर हे युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील नावाजलेले वैद्य आणि अध्यापक. रुग्णसेवेतून वेळ काढून ते शरीरक्रियेच्या प्रयोगशाळेत बसत. रक्तातील कोणता घटक हृदयाला चालते ठेवतो, हा त्यांचा प्रश्न. बेडकाचे हृदय रक्ताऐवजी मिठाच्या पाण्यावर चालवून पाहायचे आणि त्यात एकेक क्षार घालत वा काढत जायचे, ही त्यांची पद्धत. त्या वर्षीच्या निबंधातून असे दिसत होते की साधे मीठ आणि अल्प पोटॅशिअम एवढ्यावर हृदय उत्तम चालते; कॅल्शिअमची निकड त्यांना जाणवली नाही.

(५)
पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा केले तेव्हा हृदय बंद पडू लागले. क्षार तेच, प्रमाण तेच, तरी निकाल वेगळा. शोध घेता उलगडले की आधीच्या वेळी द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात केलेच नव्हते. ते नळाच्या पाण्यात तयार झाले होते. रिंगर यांनी १८८३च्या निबंधात ही गोष्ट आरंभीच जाहीर केली आणि आपला आधीचा निष्कर्ष दुरुस्त केला. त्यांनी पाणी पुरवणाऱ्या कंपनीचे नावही लिहिले: न्यू रिव्हर वॉटर कंपनी. शरीरशास्त्राच्या इतिहासात नळाच्या पाण्याला इतका मान क्वचितच मिळाला असेल.

(६)
ही 'न्यू रिव्हर' म्हणजे नदी नव्हे. हर्टफर्डशरमधील झऱ्यांचे पाणी लंडनला आणण्यासाठी खोदलेला आणि १६१३ साली वाहता झालेला कालवा आहे. ते झरे खडूच्या खडकातून येतात आणि खडू म्हणजे कॅल्शिअम कार्बोनेट. म्हणून लंडनकरांच्या नळाला कॅल्शिअमयुक्त पाणी येई. रिंगर यांनी मग शुद्ध पाण्यात कॅल्शिअम मोजून घातले आणि हृदय पुन्हा चालू झाले. पुढे चित्र स्पष्ट होत गेले. कॅल्शिअम नसेल तर हृदय निपचित होते. फार झाले तर ते मुठीसारखे आवळून थांबते. पोटॅशिअम फार झाले तर ढिले पडून थांबते. ठोका म्हणजे या क्षारांमधला तोल होता.

(७)
हा तोल विजेशी जोडण्यासाठी एक कल्पना हवी होती. क्षार पाण्यात विरघळताच त्याचे विद्युतप्रभारित कण सुटे होतात, असे स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियस यांनी १८८४च्या प्रबंधापासून मांडायला सुरुवात केली. हेच आयन. ज्या प्रबंधाला उपसाला विद्यापीठाने कमी प्रतीचा शेरा दिला, त्यातल्याच विचाराला १९०३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. पाठोपाठ जर्मनीच्या वाल्टर नेर्न्स्ट यांनी सूत्र दिले: पडद्याच्या दोन बाजूंना एकाच आयनाचे प्रमाण वेगळे असेल, तर त्या फरकातून किती विभवांतर निर्माण होईल. मिठाचे पाणी आणि वीज या दोन गोष्टी आता एका हिशेबात आल्या.

(८)
दरम्यान हृदयाची वीज शरीराबाहेरून टिपली गेली. १८८७ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी पाऱ्याच्या विद्युतमापीने माणसाच्या हृदयाचा पहिला विद्युत आलेख काढला. प्रात्यक्षिकांसाठी त्यांचा लाडका बुलडॉग जिमी उभा राहायचा, पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून. या 'छळा'बद्दल १९०९ साली ब्रिटिश संसदेत प्रश्न विचारला गेला. कुत्र्याला मिठाच्या पाण्यात उभे करण्यात क्रौर्य नाही, असा खुलासा गृहमंत्र्यांना करावा लागला. जिमीला खरोखरच कसलीही इजा होत नव्हती. त्याच्या पंजांपर्यंत पोचणारी वीज त्याच्याच हृदयाची होती.

(९)
वॉलर यांचा आलेख अंधूक होता. तो सुस्पष्ट केला हॉलंडमधील लायडनच्या विलेम आइंटहोवेन यांनी. जावा बेटावर जन्मलेल्या या संशोधकाने चुंबकाच्या ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला, केसाहून कितीतरी बारीक क्वार्ट्‌झचा तंतू ताणला. हृदयाची वीज त्यातून गेली की तंतू हलायचा आणि त्याची सावली फिरत्या पट्टीवर उमटायची. यंत्राचे वजन सुमारे २७० किलो, चालवायला पाच माणसे. रुग्ण दीड किलोमीटरवरच्या रुग्णालयात. म्हणून १९०५ साली तारेने जोडून आलेख प्रयोगशाळेत घेतला गेला. लाटांना पी, क्यू, आर, एस, टी ही त्यांनीच दिलेली अक्षरे आजही तशीच आहेत. १९२४ साली त्यांना नोबेल मिळाले.

(१०)
पण हे सारे बंद दाराबाहेरून ऐकलेले आवाज होते. आत काय चालते? १९०२ साली हाले येथील युलिउस बर्नस्टाइन यांनी धाडसी अनुमान केले. पेशीच्या आत पोटॅशिअम भरपूर, बाहेर अत्यल्प. सोडिअमचे नेमके उलट. पेशीभोवतीचे पटल विश्रांतीत फक्त पोटॅशिअमलाच बाहेर पडू देत असेल, तर धनप्रभारित पोटॅशिअम थोडे थोडे पाझरेल आणि आतली बाजू ऋण होईल. ही ऋणता मग उरलेल्या पोटॅशिअमला मागे खेचून धरेल. पाझर आणि ओढ जिथे समसमान होतात, तिथे विभवांतर स्थिरावते.

(११)
हृदयाच्या पेशीसाठी आज माहीत असलेले आकडे घातले तर हे अनुमान किती नेमके होते ते दिसते. पेशीच्या आत पोटॅशिअम लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, बाहेर ४ ते ५. नेर्न्स्टच्या सूत्राने उत्तर येते उणे ९० मिलिव्होल्टच्या आसपास. निलयाची पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये साधारण याच पातळीवर असते. यासाठी हलणाऱ्या आयनांची संख्या आतल्या साठ्याच्या मानाने नगण्य असते. पेशीत विजेचा वेगळा घट नाही. क्षारांमधला राखून ठेवलेला फरक आणि निवडक दारे असलेले पातळ पटल, एवढाच त्याचा संसार.

(१२)
बर्नस्टाइन यांचे अर्धे अनुमान मात्र चुकले. उद्दीपनाच्या क्षणी पटल सर्वांनाच खुले होते आणि विभवांतर शून्यावर येते, असे ते मानत. १९३९ साली प्लिमथ येथे ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी माकूळ या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूत तार घालून मोजले. विभव शून्यावर न थांबता आतली बाजू सुमारे ४० मिलिव्होल्टने धन झाली. तोच महायुद्ध पेटले आणि काम थांबले. युद्धानंतर उत्तर मिळाले: क्षणभर फक्त सोडिअमची दारे उघडतात आणि बाहेरचे सोडिअम आत धावते. १९५२ साली त्यांनी हे गणितात बसवले. केंब्रिजचा संगणक तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होता, म्हणून हक्सली यांनी हाताने फिरवायच्या यंत्रावर आकडेमोड केली.

(१३)
मज्जातंतूची ही कहाणी हृदयाला लागू पडते का? हृदयाची पेशी इतकी लहान, की तिच्यात तार घालणे अशक्य. ती अडचण काचेच्या सुईने सोडवली. तिचे टोक मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक, पोकळी पोटॅशिअमच्या द्रावणाने भरलेली. १९४९ साली केंब्रिजमध्ये स्विस संशोधक सिल्व्हिओ वाइडमान आणि फ्रान्सचे एदुआर कोराबफ यांनी अशी सुई कुत्र्याच्या हृदयातील पुर्किन्ये तंतूंत घातली. सस्तन प्राण्याच्या हृदयपेशीची वीज पहिल्यांदा आतून दिसली. पुढच्या प्रयोगांत बाहेरचे सोडिअम घटवले की चढ मंदावला आणि खुजा झाला. चढाची जबाबदारी येथेही सोडिअमचीच होती.

(१४)
पण उतार अगदी वेगळा निघाला. मज्जातंतूत हा सारा खेळ मिलिसेकंदभरात आटोपतो. हृदयाच्या पेशीत विभव वर जाऊन पठारासारखे टिकून राहते, दोनशे ते तीनशे मिलिसेकंद. या पठारावर जीव अवलंबून आहे. पेशी पठारावर असेतो दुसरी आज्ञा स्वीकारत नाही. म्हणून हृदय हाताच्या स्नायूसारखे सलग आवळून राहू शकत नाही. त्याला ढिले पडावेच लागते, आणि ढिले पडल्यावाचून त्यात रक्त भरत नाही. प्रश्न असा, की सोडिअमची दारे तर लगेच मिटतात. मग पठार टिकते कशाने?

(१५)
लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, जिथे रिंगर यांनी काम केले होते तिथेच, ओटो हटर आणि त्यांचे विद्यार्थी डेनिस नोबल या कोड्यामागे लागले. हटर हे लहानपणी नाझी राजवटीतून बालनिर्वासितांच्या गाडीने व्हिएन्नाहून इंग्लंडला आले होते. दोघांना आढळले की विभव वर जाताच पोटॅशिअमची काही दारे उघडण्याऐवजी मिटतात. त्यामुळे गळती घटते आणि पठार स्वस्तात टिकते. नोबल यांनी ही समीकरणे लंडन विद्यापीठाच्या 'मर्क्युरी' संगणकावर चढवली. विद्यार्थ्याला वेळ मिळे तो मध्यरात्रीनंतरचा. १९६० साली निकाल छापून आला: समीकरणांतले हृदय आपणहून ठोके देत होते. ठोके देणारा असा एकही स्वतंत्र घटक त्यात घातलेला नव्हता.

(१६)
तरीही त्या हृदयात एक उणीव होती: कॅल्शिअमच नव्हते. आत येणारा सारा प्रवाह सोडिअमच्या नावावर मांडला होता. १९६७ साली हाराल्ड रॉयटर यांनी मेंढीच्या पुर्किन्ये तंतूंत कॅल्शिअमचा संथ अंतःप्रवाह दाखवला. पठाराला आधार होता तो याचा. पेशीबाहेर कॅल्शिअम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते. दार उघडताच ते थोडेसे आत येते आणि पेशीतल्या साठ्यातून आणखी कॅल्शिअम सोडवते, मग स्नायू आवळतो. हातापायांच्या स्नायूंना बाहेरचे कॅल्शिअम क्षणोक्षणी लागत नाही. हृदयाला प्रत्येक ठोक्याला लागते. ऊर्ध्वपातित पाण्यातले ते बेडकाचे हृदय का थांबले, हे ८४ वर्षांनी उलगडले.

(१७)
सोडिअम आत येत राहिले आणि पोटॅशिअम बाहेर जात राहिले, तर फरक एक दिवस संपेल. तो राखणारा पंप १९५७ साली डेन्मार्कच्या येन्स स्काऊ यांनी खेकड्याच्या पायाच्या मज्जातंतूंत शोधला. दर फेरीला तीन सोडिअम बाहेर, दोन पोटॅशिअम आत. इंधन म्हणून एटीपीचा एक रेणू. १९९७ साली त्यांना नोबेल मिळाले. याच पंपाने एक जुने गूढही सोडवले. १७८५ साली इंग्लंडच्या विल्यम विदरिंग यांनी सूज आलेल्या रुग्णांवर डिजिटॅलिस या वनस्पतीचे गुण नोंदवले होते. ते औषध हा पंप मंद करते. पेशीत सोडिअम वाढते, त्यामुळे कॅल्शिअम बाहेर पडणे घटते आणि ठोका जोरकस होतो. मात्रा थोडी चुकली की तेच औषध ताल बिघडवते.

(१८)
आता पहिला प्रश्न: ठेका धरतो कोण? त्याची जागा १९०७ साली आर्थर कीथ आणि त्यांचे विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी जाहीर केली; चिचुंद्रीसारख्या दिसणाऱ्या, बिळात राहणाऱ्या मोल या प्राण्याच्या हृदयात त्यांना ती प्रथम दिसली. हीच सायनस गाठ. तिच्या पेशी विश्रांतीत स्थिर राहतच नाहीत; विभव हळूहळू चढते, उंबरठा गाठते, ठोका पडतो. १९७९ साली ब्राऊन, डिफ्रान्सेस्को आणि नोबल यांनी ॲड्रेनॅलिनने वाढणारा एक प्रवाह तेथे दाखवला. दारे विभव वर गेल्यावर उघडण्याऐवजी खाली गेल्यावर उघडत. म्हणून त्याचे नाव पडले 'फनी', म्हणजे विचित्र, प्रवाह.

(१९)
येथे पुन्हा एक दुरुस्ती झाली. पुर्किन्ये तंतूंतला असाच एक प्रवाह अनेक वर्षे 'बाहेर जाणारे पोटॅशिअम घटत जाते' असा वाचला जात होता, आणि नोबल यांच्या गटाने त्यावर बरेच काम केले होते. १९८१ साली मिलानच्या दारिओ डिफ्रान्सेस्को यांनी दाखवले की वाचन उलटे आहे: तो आत येणारा, वाढत जाणारा प्रवाह आहे. नोबल यांनी ते मान्य केले आणि १९८५ साली दोघांनी मिळून हृदयपेशीचे नवे गणित प्रसिद्ध केले. आज नाडी संथ करण्यासाठी दिले जाणारे आयव्हाब्रॅडीन हे औषध याच प्रवाहाला आवर घालते.

(२०)
एवढे ज्ञान हाती आल्यावर दारे बंद करणारी औषधे निघाली. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मधूनच अवेळी ठोके पडणाऱ्या रुग्णांना मृत्यूचा धोका अधिक असतो. सोडिअमची दारे अडवली की ते ठोके थांबतात. म्हणजे मृत्यूही टळावेत. तर्क बिनचूक वाटत होता. अमेरिकेतील 'कास्ट' चाचणीत तो तपासला गेला. १९९१ साली छापलेले आकडे असे: एन्केनाइड वा फ्लेकेनाइड घेणाऱ्या ७५५ रुग्णांपैकी ६३ दगावले, निव्वळ बिनऔषधी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६. ठोके दबले, माणसे अधिक मेली. इजा झालेल्या स्नायूत सोडिअमचा चढ मंदावला की लहर वाट चुकते आणि स्वतःभोवती फिरू लागते. एका दाराचे गणित म्हणजे हृदयाचे गणित नव्हे.

(२१)
पोटॅशिअमची कथा याहून धारदार आहे. १९५५ साली लंडनमध्ये डेनिस मेलरोज आणि सहकाऱ्यांनी पोटॅशिअम सायट्रेटने हृदय मुद्दाम थांबवून, शस्त्रक्रियेनंतर ते पुन्हा चालू करण्याची पद्धत मांडली. त्यातला क्षार पुढे बदलला, पण पोटॅशिअमने हृदय विसावते हे तत्त्व खुल्या हृदयशस्त्रक्रियेत आजही वापरले जाते. बाहेरचे पोटॅशिअम वाढले की विश्रांतीचे विभव वर सरकते, सोडिअमची दारे मिटलेलीच राहतात आणि नवा ठोका उठत नाही. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाच्या रक्तात हेच नकळत घडू शकते. ३.५ ते ५ ही निरोगी मर्यादा. ती ७च्या पुढे गेली तर प्रसंग प्राणावर बेततो. अशा वेळी डॉक्टर प्रथम शिरेतून कॅल्शिअम देतात: रिंगर यांचा तोल, रुग्णाच्या खाटेशी.

(२२)
आता ईसीजीची पट्टी वाचता येते. पी म्हणजे अलिंदांत पसरणारी लहर. क्यू-आर-एसचा उंच सुळका म्हणजे निलयांच्या असंख्य पेशींत एकापाठोपाठ धावणारे सोडिअम. पुढची सपाट रेघ म्हणजे पठार: साऱ्या पेशी कॅल्शिअमच्या आधाराने एकाच पातळीवर, म्हणून बाहेर काहीच दिसत नाही, पण हृदय सर्वाधिक जोराने रक्त ढकलते ते याच वेळी. शेवटचा टी म्हणजे बाहेर पडणारे पोटॅशिअम आणि विश्रांतीकडे परतणारा स्नायू. रक्तात पोटॅशिअम वाढले की हाच टी टोकदार होतो, आणि जाणत्या डॉक्टरला रक्ताचा अहवाल येण्याआधीच इशारा मिळतो. मग पुन्हा सपाट रेघ. तेवढ्या अवधीत सायनस गाठीतल्या पेशींचे विभव उंबरठ्याकडे चढू लागलेले असते.